वठलेली सावर आणि कर्ण्याची जोडी: जांबोटीकडच्या एका मळ्याचं प्रकरण

बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघालं की जांबोटीच्या पुढं रस्ता दाट रानात शिरतो. मधूनमधून मालकीच्या जमिनी लागतात. काजू, थोडी सुपारी, उताराला भाताची खाचरं, आणि पाठीला लागून जंगल. यातल्याच एका मळ्यात गेल्या उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला की वरच्या अंगाला, कुंपणाच्या आत उभं असलेलं सावरीचं वठलेलं खोड पाडायचं की ठेवायचं. खोडात कर्णा या पक्ष्याची जोडी घरटं कोरत होती आणि मालकांनी झाड तोडणाऱ्याला शब्द देऊन ठेवला होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्याचं कारण पुढं येईल.

मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन रानात असते, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. त्यातलाच एक, आता शिकून घरचा मळा बघणारा मुलगा. मार्चच्या सुरुवातीला त्यानं फोनवर एक धूसर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बाई, हे पाखरू कुठलं? पोट लालभडक हाय आणि रोज एकाच सोटाला चिकटतंय.' फोटोत काळं डोकं, त्याखाली पांढरी रेघ आणि लाल पोट एवढं कळत होतं. तेवढं पुरेसं होतं. सगळ्यात महत्त्वाचं होतं ते त्याचं दुसरं वाक्य.

कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन, पश्चिम घाटाच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलातला पक्षी. श्रीलंकेतही आहे. भारतात ट्रोगनच्या तीन जाती, त्यातल्या दोन हिमालयात आणि ईशान्येकडे. आपल्याकडचा हा एकच. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 31 सेंटिमीटर, त्यातली बरीच लांबी शेपटीची, आणि शेपटीचं टोक कात्रीनं सरळ कापल्यासारखं चौकोनी. नराचं डोकं, मान आणि छाती काळी, मग पांढरा पट्टा, त्याखाली गर्द लाल पोट. मादीला ना काळं डोकं ना लाल पोट. ती तपकिरी आणि पोटाला गेरूच्या पिवळ्या छटेची. दोघांच्याही डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी असते. नराच्या पंखांवर काळ्या-पांढऱ्या इतक्या बारीक रेषा असतात की दुर्बिणीतून बघताना त्या एकमेकींत मिसळून करडा रंग दिसतो. ऊन तिरपं पडलं की मगच त्या सुट्या होतात.

असा पक्षी घराच्या मागं असून तात्यांना, म्हणजे मळ्याच्या कर्त्या माणसाला, तो माहीत नव्हता. उभा जन्म त्या रानाकाठी गेलेला माणूस. आवाज मात्र ओळखीचा होता. मी दबक्या आवाजात 'क्यू, क्यू, क्यू' करून दाखवल्यावर त्यांच्या घरच्या काकू लगेच म्हणाल्या, 'हे तर रोज सकाळी असतंय की.' यात नवल नाही. कर्णा मध्यम उंचीच्या फांदीवर ताठ बसतो आणि बराच वेळ हलत नाही. माणूस दिसला की पाठ फिरवतो. पाठ तपकिरी, सावलीत मिसळून जाणारी. एवढा रंग अंगावर असून तो पुढच्या बाजूला आहे आणि पुढची बाजू तो दाखवत नाही. मधूनच उडतो, पानाखालची अळी नाहीतर नाकतोडा उचलतो आणि पुन्हा फांदीवर येऊन गप्प बसतो. सुरवंट, भुंगे, सिकाडा, काडीकिडे हे त्याचं मुख्य खाणं. सातभाई, कोतवाल, सुतार अशी पाखरं घोळक्यानं रान झोडपत निघाली की कर्णा बऱ्याचदा त्यांच्यासोबत असतो. घोळक्यानं उठवलेले किडे त्याला आयते मिळतात.

आता सावरीकडे येते. हे झाड तीन-चार पावसाळ्यांपूर्वी वाऱ्यानं मधेच मोडलं होतं. वरचा भाग तेव्हाच जळणाला गेला. उरला तो दोन पुरुष उंचीचा सोट, साल निघत आलेली, एका बाजूला बुरशीच्या पांढऱ्या पाकळ्या. सावरीचं लाकूड मुळातच हलकं आणि मऊ, लवकर कुजणारं. जळण म्हणून त्याला फारशी किंमत नाही. तात्यांना तो पाडायचा होता तो तीन कारणांनी, आणि तिन्ही कारणं खरी होती. खोडाच्या बुडाशी झऱ्यावरून आणलेली पाण्याची पाइप होती, खोड त्यावर पडलं तर घराचं आणि सुपारीचं पाणी बंद. त्याच वाटेनं म्हशी चरायला जात. आणि खोडाला वाळवी लागली होती, ती काजूत शिरेल अशी भीती होती.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तात्या स्पष्टच बोलले. 'बाई, पाखरू चांगलं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. खरं पाइप बी माझीच हाय आणि म्हशी बी माझ्याच हाईत.'

यावर पर्यावरणाचं भाषण देणं मला पटत नाही. जो माणूस त्या खोडाखालून रोज जातो त्याला धोका माझ्यापेक्षा जास्त कळतो. कायद्याचा धाक घालावा तर तोही लटका पडला असता. खासगी जमिनीवरची झाडं तोडायला कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखाली परवानगी लागते, पण झाड मेलेलं किंवा रोगट असेल तर ती परवानगी अडवायला कायदाच कारण ठेवत नाही. म्हणजे ज्या झाडाची कर्ण्याला सर्वांत जास्त गरज, तेच झाड कागदोपत्री सर्वांत आधी तोडण्याजोगं ठरतं. वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अंडी असलेलं घरटं उद्ध्वस्त करता येत नाही हे खरं. पण तेव्हा अंडी नव्हती, नुसतं कोरणं चाललं होतं. आणि कायद्याच्या जोरावर वाचवलेलं खोड पुढच्या वर्षी पाखरू यायच्या आत पाडलं गेलं असतं, हेही मला दिसत होतं.

म्हणून आम्ही आधी पाखरू बघायचं ठरवलं. सुपारीच्या कडेला पाण्याची सिमेंटची टाकी आहे. तिच्या आडोशाला मी, तो मुलगा आणि घरची मोठी सून बसलो. थोड्या वेळानं नर आला. खोडावर तो सुतारासारखा चढत नाही. समोरून उडत येतो, पोट खोडाला लावून शेपटी खाली दाबतो आणि चोचीनं लाकूड चावतो. घाव घालत नाही, चावून तुकडा सुटा करतो. एक-दोन तुकडे निघाले की सुटतो आणि जवळच्या फांदीवर जाऊन बसतो. मग मादी येते. खाली वाळक्या पानांवर रव्यासारखा पांढरट भुसा पडला होता. वहिनींनी, त्या मोठ्या सुनेला घरात सगळे तसंच म्हणतात आणि मीही म्हणू लागले, तो भुसा चिमटीत घेऊन दाबला तर त्याचं पीठ झालं.

त्या चिमटीतच या प्रकरणाचा मुख्य मुद्दा होता. सुताराची चोच छिन्नीसारखी सरळ आणि मजबूत, डोकं आघात सोसणारं, पाय खोडाला घट्ट धरणारे. तो बऱ्यापैकी टणक लाकडातही ढोली पाडतो. कर्ण्याकडे यातलं काही नाही. चोच आखूड आणि रुंद, किडे उचलायच्या कामाची. पाय इतके दुबळे की फांदीवर तोंड वळवायलाही त्याला पंखांची मदत घ्यावी लागते. त्याच्या पायाची रचनाही वेगळी आहे. पहिलं आणि दुसरं बोट मागं, तिसरं आणि चौथं पुढं. ही रचना पक्ष्यांमध्ये फक्त ट्रोगन कुळात आढळते. असा पक्षी जिवंत झाडात घर करूच शकत नाही. नुकत्याच वाळलेल्या झाडातही नाही. त्याला लागतं ते कुजून मऊ झालेलं, पण अजून उभं राहण्याइतपत ताकद असलेलं खोड. हा टप्पा प्रत्येक झाडाच्या मरणानंतर एकदाच येतो आणि थोडीच वर्षं टिकतो. आधी लाकूड चावत नाही, नंतर खोडच उभं राहत नाही. मधल्या त्या अवधीत खोड सापडलं तरच कर्ण्याचा विणीचा हंगाम लागतो. आणि कोरायला नर-मादीला मिळून महिनाभर लागू शकतो, म्हणजे काम अर्ध्यावर सोडावं लागलं तर पावसाआधी दुसरं घर होणं अवघड.

आपल्याकडे त्याची वीण फेब्रुवारी ते मे या काळात होते. रानात पालवी फुटते, अळ्या वाढतात, आणि मृगाच्या आत पिल्लं बाहेर पडायला हवीत.

हे सगळं मी तात्यांना टाकीजवळ उभं राहूनच सांगितलं. त्यांना सगळ्यात पटली ती पायाची गोष्ट. 'मग ते बिचारं कोरतंय म्हणजे लईच कष्ट,' असं म्हणून ते खोडाकडे गेले आणि हातानं ढकलून बघितलं. खोड हललं नाही. तिथून बोलणं पुढं सरकलं. पाइप खोडाच्या पडण्याच्या बाजूपासून दूर, कुंपणाच्या कडेनं घ्यायची. पाइपचे जादा तुकडे मुलानं आणायचे. म्हशी पावसापर्यंत खालच्या वाटेनं न्यायच्या. झाड तोडणाऱ्या माणसाचा रोज बुडू नये म्हणून त्याला काजूच्या वाळक्या फांद्या छाटायचं काम द्यायचं. यात घराला खर्च आणि त्रास दोन्ही होते. खालची वाट लांबची आहे आणि म्हशींना घेऊन काकूच जातात. हा भार उचलणाऱ्यांचं नाव अशा हकिकतींत सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

वाळवीचं वेगळं बोलावं लागलं. वाळवीचं घर जमिनीत असतं. मेलेलं लाकूड मिळालं की ती तिथं येते, खोड काढलं म्हणून जमिनीतून जात नाही. जिवंत, धडधाकट काजूला खरा धोका असतो खोड पोखरणाऱ्या अळीचा. तिच्यासाठी मेलेलं किंवा पोखरलेलं काजूचं झाड बागेतून काढून टाकणंच योग्य. म्हणजे 'एकही वाळकं झाड तोडू नका' असं सरसकट सांगणं त्या शेतकऱ्यावर अन्याय करणारं झालं असतं. काजूचं मेलेलं झाड जायला हवं. रानातलं, कुंपणाच्या कडेचं सावर, पांगारा, किंदळ, नाणा मेलं तर ते उभं राहायला हवं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पक्षीप्रेमी लोक तो करत नाहीत आणि म्हणून शेतकरी त्यांचं ऐकत नाहीत.

इथवर सगळं नीट चाललं होतं. मग मुलानं नराचा एक चांगला फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला आणि खाली गावाचं नाव घातलं. त्याचा हेतू अभिमानाचा होता. दोन दिवसांत तो फोटो कुठून कुठं गेला आणि पुढच्या रविवारी सकाळी मळ्यात दोन गाड्या आल्या. माणसं सभ्य होती, घरच्यांशी आदरानं बोलली, काकूंच्या हातचा चहा प्याली. पण त्यांच्याकडे छोटा स्पीकर होता आणि त्यावर त्यांनी कर्ण्याचा आवाज लावला.

स्पीकरचा आवाज पक्ष्याला गाणं म्हणून ऐकू येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, एवढंच त्याला कळतं. तो काम सोडून आवाजाच्या दिशेनं येतो, फांदीवरून फांदीवर जातो, ओरडतो, शेपूट वरखाली करतो. फोटो उत्तम मिळतात. त्या सकाळी नर खोडाकडे फिरकलाच नाही आणि मादी एकदा येऊन समोर कॅमेरे बघून परतली. गाड्या दुपारी गेल्या. त्यानंतर जोडी खोडावर दिसेना. वहिनी रोज टाकीशी जाऊन बघत आणि मला फोन करत. 'आज बी न्हाई आलं ओ बाई.' घरात कुणी त्या मुलाला रागावलं नाही, पण त्यानं फोटो स्वतःहून काढून टाकला आणि ज्यांच्याकडे गेला होता त्यांना एकेकाला सांगून काढायला लावला. सगळ्यांनी काढला असेल असं नाही.

पाच-सहा दिवसांनी जोडी परतली. कोरायला पुन्हा सुरुवात झाली तेव्हा वहिनींनी सूत्रं हातात घेतली. वरच्या वाटेला बांबूचं आडं घातलं आणि येणाऱ्याला सांगू लागल्या की पाखरू गेलं, आता काही नाही. गावाचं नाव मी देत नाही ते याचसाठी. घरटं जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवर होतं आणि ढोलीचं तोंड रुंद. कर्ण्याची ढोली खोल नसते. वाट मळली, माणसांचा राबता झाला, तर पाठोपाठ मांजर, मुंगूस, साप यांनाही ती जागा कळते.

याच सुमाराला दुसरी एक सूचना आली, ती जास्त विचार करायला लावणारी. एका ओळखीच्यानं तात्यांना सुचवलं की घरट्यासमोर झाप्यांचा आडोसा बांधा, माणशी पैसे घ्या, हंगामात काजूपेक्षा जास्त मिळतील. दांडेलीकडे गणेशगुडीला पक्षी बघायला येणाऱ्यांवर लोकांचं पोट चालतं हे तात्यांनीही ऐकलेलं. मी ती सूचना झटकून टाकली नाही. पैशाची गरज त्या घराला आहे. पण गणेशगुडीला जे चालतं ते मुख्यतः पाणी ठेवून. कुंडीवर पक्षी आपल्या मर्जीनं येतात, भीती वाटली तर निघून जातात, आणि पाणी दुसरीकडेही असतं. अंडी मात्र दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून तात्यांना एवढंच म्हटलं की पक्षी दाखवून पैसे मिळवायचे असतील तर पाण्याच्या टाकीशी एक उथळ कुंडी करा, पाखरं येतील. घरट्याचे पैसे घेऊ नका. त्यांनी दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवल्या. पुढं कुंडी झाली तर मला आनंदच आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक पक्षी सतत आत दिसू लागला. ढोलीत डोकावायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं, तरी तोंड रुंद असल्यानं टाकीपासूनही बसलेल्या पक्ष्याची पाठ आणि शेपटीचं टोक दिसायचं. कर्णा साधारण दोन अंडी घालतो, लाकडाच्या भुशावरच, वेगळं गवत-काडी काही आणत नाही. दोघंही उबवतात. रात्री मादी आत असते आणि दिवसाच्या मोठ्या भागात नर. लाल पोट आत दडलेलं, बाहेर तपकिरी पाठ. समोरून बघणाऱ्याला ते खोडाचाच एक भाग वाटावं. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिंब करत होत्या. विसाव्या टिंबाच्या दिवशी सकाळी नर चोचीत हिरवी अळी घेऊन आला आणि आत जाऊन लगेच बाहेर पडला. या जातीच्या अंड्यांना साधारण 19 दिवस लागतात असं नोंदलेलं आहे. त्या नोंदी वहिनींनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांचं टिंबांचं कॅलेंडर मी फोटो काढून जपून ठेवलं आहे.

पिल्लांना सुरुवातीला मऊ अळ्याच मिळतात. मोठी झाल्यावर नाकतोडे, ढेकणांच्या कुळातले किडे. इथं काजूच्या फवारणीचा प्रश्न होता. ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी काजूवर मोहोराच्या काळात औषध मारतात आणि तात्यांची शेवटची फवारणी आधीच होऊन गेली होती. पण एप्रिलमध्ये काही झाडांना पुन्हा मोहोर आला आणि मुलाच्या मनात आणखी एक हात मारायचं होतं. वरच्या पट्टीतली, जंगलाला लागून असलेली झाडं त्यानं सोडली आणि खालच्या झाडांवरच फवारलं. कर्णा जास्त करून जंगलाच्या बाजूनं अळ्या आणत होता, त्यामुळे एवढं पुरेसं असावं असा आमचा अंदाज होता. काजूतले किडे खाऊन कर्णा शेतकऱ्याची चाकरी करतो असं मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तो रानातल्या सावलीत शिकार करणारा पक्षी आहे. त्याचं राखण करायला त्यानं आपल्या उपयोगी पडलंच पाहिजे, अशी अट मला मान्य नाही.

मेच्या मध्याला एक पिल्लू बाहेर पडलं. दुसऱ्याचं काय झालं कळलं नाही. कदाचित अंडंच एक फुकट गेलं. पिल्लाला वहिनींनी काजूच्या खालच्या फांदीवर बघितलं, शेपूट आखूड, रंग मळकट, आणि दोन्ही पालक चारा भरवायला येत-जात. कर्ण्याचं पिल्लू उडू लागलं तरी लगेच स्वतंत्र होत नाही. पालक पुढं कित्येक महिने त्याला भरवत राहतात. एका पिल्लामागं इतका काळ जात असेल तर एक वीण वाया जाणं म्हणजे त्या जोडीचं पूर्ण वर्ष जाणं.

जुलैच्या पावसात सावर पडली. पाइपच्या विरुद्ध बाजूला पडली हा नशिबाचा भाग. पडल्यावर तात्यांनी मला फोन केला, आवाजात थोडी काळजी होती. 'बाई, आता ते फुडल्या वर्षी कुठं जाईल ओ?'

मला या प्रकरणात सांगायचं आहे ते या प्रश्नात आहे. एक खोड वाचवणं हे काम एका हंगामापुरतं असतं. कर्ण्याला त्या जागी राहायचं असेल तर एक खोड पडेपर्यंत दुसरं मऊ होत आलेलं हवं आणि तिसरं नुकतंच वाळलेलं. मेलेल्या झाडांची ही रांग जंगलात आपोआप चालू असते. मळ्याच्या कडेला ती माणूस तोडतो, वाईट हेतूनं नव्हे, तर बाग स्वच्छ दिसावी म्हणून, जळणासाठी, किंवा पडेल या भीतीनं. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. त्याच्या आत वाळकं लाकूडही उचलता येत नाही. पण खानापूर तालुक्यातलं रान अभयारण्याच्या रेषेपाशी संपत नाही. कणकुंबीपासून जांबोटीपर्यंत मालकीच्या आणि राखीव जमिनी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कर्णा ही रेषा पाळत नाही, सावली पाळतो.

दिवाळीनंतर तात्या आणि मी कुंपणाच्या कडेनं सगळा मळा फिरलो. एका नाण्याला वीज पडून वरून तडा गेलेला आहे, तो वाळलाय पण लाकूड अजून नखानंही उमटत नाही. किंदळ एक अर्धं वाळलेलं, ते तर कडक लाकडाचं, पुष्कळ वर्षं घेईल. पांगारा एक वठायला लागलाय, तो लवकर मऊ होईल. वरच्या ओढ्याकाठी एक सावर कलती आहे, अजून जिवंत. म्हणजे या हंगामात त्या मळ्यात कर्ण्याजोगं तयार खोड नाही. जोडी दिसली नाही तरी जानेवारीत वरच्या रानातून आवाज येत होता असं काकू म्हणाल्या. जंगलात एखादं खोड असेलही. रानातलं जळण आणायला वाडीवरच्या बायका जातात, आणि पडलेलं लाकूड संपलं की उभ्या वाळक्या झाडाला कोयता लागतो. वहिनींनी त्यांच्याशी बोलून ठेवलंय की आडवं पडलेलं न्या, उभा सोट राहू द्या. गॅसची टाकी भरून आणायला पैसे असतील तेव्हा हे पाळलं जातं, नसतील तेव्हा नाही. याला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जळणाची मोळी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला अडवायला मी जाणार नाही.

मोठा निर्णय अजून बाकी आहे. मुलाला जंगलाच्या बाजूची ती वरची पट्टी साफ करून तिथं नवी कलमी काजूची रोपं लावायची आहेत. पट्टी लहान आहे, पण पांगारा, किंदळ आणि नाणा तिन्ही त्यातच उभे आहेत. मी त्याला रोपं कुठं किती अंतरावर लावली तर ही तिन्ही झाडं मधे राहतील, ते आखून दिलंय. चार-पाच रोपं कमी बसतात. त्या चार-पाच काजूंचं उत्पन्न दर वर्षी बुडणार हे तो बोलून दाखवतो आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

यंदाचा काजूचा हंगाम संपला की मेअखेरीला ठरेल. तोवर तात्यांनी माझ्याकडून त्या पट्टीतल्या सगळ्या झाडांची यादी मागितली आहे, वहीत रकाने पाडून. कुठलं वाळलंय हा एक रकाना, कुठलं मरायला लागलंय हा दुसरा, आणि पडलं तर कुठल्या बाजूला पडेल हा तिसरा. तिसरा त्यांनी स्वतः सांगितला.